डावखुरी गाठ

हे बघ, मोबाइल पालथा घाल आणि नुसतं ऐक. मधे बोलायचं नाही. काय विचारायचं ते शेवटी विचार, आणि शेवटी तर मीच विचारणार आहे.

शलाका वरुटे. इचलकरंजीची पोरगी, वय एकोणतीस. वडील जॉबर. म्हणजे पॉवरलूमच्या शेडमधला मिस्त्री, माग अडला की सगळे ज्याच्या नावानं ओरडतात तो. पोरगी रसायनशास्त्र शिकली, परदेशी गेली, आणि दोन हजार बेचाळीस सालच्या मार्चमध्ये ती कुठं बसली होती? कोरवान नावाच्या देशात, सरकारी अतिथिगृहात, समोर चौदा आलेख घेऊन. चौदाच्या चौदा आलेख सुंदर. आणि तिला नेमकं तेच खटकत होतं.

आता कोरवान म्हणजे काय ते सांगतो. तिथं नऊ वर्षं लष्कराचं राज्य. अठरा वर्षांची झाली की प्रत्येक मुलीला दोन वर्षं ‘देशसेवा’ सक्तीची. देशसेवा म्हणजे बराकीत राहायचं आणि कापड विणायचं. दोनाची चार वर्षं कधी होतात कुणाला कळत नाही, घरी पत्र नाही, पळालं तर बापाला उचलतात. पळून आलेल्या एकदोघी हे सांगायच्या. लष्कर म्हणायचं, सगळं खोटं, आमच्या मुली आठ तास काम करतात आणि संध्याकाळी गाणी म्हणतात. जगानं निषेध केला, ठराव केले. लष्कराला निषेधाचं काय रे! निषेधाचे कागद खाऊन ढेकर देणारी माणसं ती.

मग घामपेटी आली.

खरं नाव हातभर लांब आहे, पण शलाकाचे आण्णा घामपेटी म्हणायचे, तेच बरं. शिलाई मशीनच्या पेटीएवढी. तिचं शास्त्र सोपं आहे, बघ. आपल्या शरीरात कॉर्टिसॉल नावाचं एक द्रव्य असतं. पहाटे जाग येताना ते चढतं, दिवसभर उतरत जातं, रात्री तळाला जातं. रोज एक लाट. ते घामात उतरतं, लाळेत उतरतं. आता नुसता एक थेंब तपासून काही कळत नाही. सासूशी भांडून आलेल्या बाईचंही कॉर्टिसॉल चढलेलंच असतं. पण कापडाचं थान मागावर आठ दिवस विणलं जातं, आणि विणणारीचे हात त्याला सतत लागत असतात. म्हणजे थान उलगडत गेलं की मीटरामीटराला एकेक तास वाचता येतो. झोपलेल्या, जेवलेल्या माणसाच्या थानावर लाटा दिसतात. ज्याला झोपूच देत नाहीत, त्याची लाट मोडते. रेघ सपाट होते. माणूस खोटं बोलेल, भीतीनं गप्प बसेल, पण थान बोलतं.

त्यावर एकेचाळीस देशांनी करार केला. लाट नसलेलं कापड कुणी घ्यायचं नाही. कोरवानचं निम्मं पोट कापडावर. लष्कर पहिल्यांदाच हललं, म्हणालं, या, तपासा. आणि करारात एक कलम घालून घेतलं. आरोप करायचा तर पुरावा दाखवायचा. ज्या तुकड्यावर आरोप, त्याचा अर्धा भाग आम्हाला द्यायचा, आम्हीही तपासू. न्याय्य वाटतं ना ऐकायला? सगळ्यांनाच वाटलं होतं.

तर चौदा थानं, चौदा सुंदर लाटा.

“झालं मग,” हेन्रिक म्हणाला. शलाका एकेचाळीस देशांच्या तपासणी पथकातली तपासनीस, आणि हा पथकाचा प्रमुख, साठीतला डॅनिश माणूस, गुडघे गेलेले, घरी नात झालेली. “हिरव्या फॉर्मवर सही कर. शुक्रवारी विमान.”

“हेन्रिक, चौदाही थानांवर लाट सहा चाळीसलाच चढते.”

“शिस्तीचा देश आहे.”

“रविवारी सुद्धा?”

“लष्करी शिस्तीचा देश आहे,” तो म्हणाला, आणि पावाला लोणी लावायला लागला.

दुपारी तिनं घरी फोन लावला. फोन ऐकला जातो हे तिला माहीत होतं, आणि मराठी बोलून लपायचे दिवसही गेले होते, कुठलंही यंत्र दोन सेकंदांत भाषांतर करतं. म्हणून ती साधंसुधंच बोलत होती.

“काय गं शलू, जेवलीस काय?”

“जेवले, आण्णा. इथलं कापड लई भारी आहे. चौदा थानं बघितली, एक दोष नाही.”

“तार तुटल्याली न्हाई?”

“एक पण नाही.”

तार म्हणजे मागावरचं उभं सूत. आण्णा हसायला लागले. खोकला येईपर्यंत हसले. “आगं, माग हाय का देव हाय त्यो? चाळीस वर्सं झाली मला, तार न तुटता थान उतरल्यालं मी बघितलं न्हाई. कुणीतरी गाठी काढून दावायलंय तुला. फसीवत्यात गं तुला!”

तिनं पटकन विषय बदलला. पण दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीत बसताना लष्करानं दिलेली दुभाषी बाई, नाविया नाव तिचं, पन्नाशीची, करड्या केसांची, कायम गळ्यापर्यंत बटणं लावलेली, ती सहज म्हणाली, “तुमच्या वडिलांचा खोकला कसा आहे, मॅडम?”

म्हणजे कालचा फोन हिच्यापर्यंत पोचला होता. ही काळजी का धमकी? नावियाचा चेहरा असा, की बंद दुकानाचं शटर बरं. त्यावर निदान काहीतरी लिहिलेलं तरी असतं.

पण आण्णांचं वाक्य डोक्यातून जाईना. गोदामात गेल्यावर तिनं पेटी उघडलीच नाही. तपासणीवर नेमलेला लष्कराचा कर्नल तिथंच उभा होता, टोपी काखेत मारून. ती म्हणाली, मी अजून काही थानं मागते, माझी मी निवडणार. करारात तेवढा हक्क होता. आणि मग तिनं डोळे मिटले आणि थानांच्या उलट्या बाजूवरून अंगठा फिरवत गेली. आण्णांनी सातव्या वर्षी शिकवलेलं होतं ते. कापड डोळ्यांनी बघायचं नसतं, अंगठ्यानं बघायचं. सुळसुळीत, सुळसुळीत, सुळसुळीत. गाठी काढून, तारा भरून, सगळं सफाईदार केलेलं. एकोणचाळीस थानं झाली. कर्नल जांभया द्यायला लागला. चाळिसावं थान, ढिगाच्या अगदी तळातलं. आणि अंगठ्याखाली खडा लागावा तशी गाठ लागली.

पुढं अजून एक. पुढं अजून एक.

“हे घेते,” ती म्हणाली. आवाज साधाच ठेवला, पण कान तापले होते.

आता गाठीची गंमत ऐक. ताण्याच्या, म्हणजे उभ्या सुताला खळ दिलेली असते, म्हणजे कांजी, म्हणून ते ताठ असतं. तार तुटली की मागावरचं माणूस काय करतं? अंगठा आणि बोट जिभेला लावतं, ओलं करतं, पीळ देतं आणि गाठ मारतं. इचलकरंजीत तेच, कोरवानमध्ये तेच, जगभर तेच. त्या ओलीनं खळ विरघळते आणि गाठीत भरते, सुकली की डिंकासारखी घट्ट. म्हणजे प्रत्येक गाठीत थेंबभर लाळ कोंडलेली! पण घामपेटीच्या नियमपुस्तकात काय लिहिलं होतं? ‘नमुना घेताना गाठी व दोष कापून टाकावेत.’ प्रयोगशाळेतल्या लोकांनी लिहिलेलं पुस्तक ते. त्यांच्यातल्या कुणी आयुष्यात एक तार जोडली नव्हती. त्यांच्या लेखी गाठ म्हणजे कचरा.

शलाकानं उलटं केलं. कापड सोडलं, फक्त गाठी घातल्या पेटीत.

आधी कापडाचा आलेख आला. तीच सुंदर लाट, सहा चाळीस. मग गाठींचा आला, आणि ती खुर्चीत मागं सरकली. लाटच नव्हती. पाटावर रेघ ओढावी तशी सपाट, आणि सगळी रेघ वर, जिथं घाबरलेल्या माणसाची असते तिथं. कारखान्याच्या नोंदीप्रमाणं एका मागावर तीन पाळ्यांत तीन बायका. पण सगळ्या गाठींतली लाळ एकाच बाईची. पेटी नाव सांगत नाही, पण लाळ एकाच तोंडाची का, ते सांगते. चोवीस तासांच्या कापडात एकोणीस गाठी तिच्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा एकोणीस. तिसऱ्या दिवशी पुन्हा.

मग कापडावरची लाट कुणाची? आता तिला कळलं. विणून झालं की गार पाण्यात बुचकळून घाम काढायचा. कापड कोरं, म्हणजे खळीसकट विकायचं, म्हणून गरम पाणी नाही, खळ तशीच राहते, गाठीतली लाळही. आणि मग दुसरीच माणसं, झोपून उठलेली, खाऊनपिऊन असलेली, आठ दिवस वेळापत्रकानं त्या थानावरून हात फिरवणार. हात फिरवायची ड्यूटी! सहा चाळीसला पहिली पाळी!

पण शलाकाला आनंद व्हायच्या आत दुसरीच शंका आली. गाठी बरोबर तासातासाला होत्या, दिवसाला कामाचे एकोणीस तास आणि एकोणीस गाठी. तार अशी घड्याळ बघून तुटते होय? ती मुद्दाम तोडलेली होती. कुणीतरी बाई दर तासाला आपल्या हातानं तार तोडत होती, थुंकी लावत होती, गाठ मारत होती. साक्ष देत होती. किंवा... तिला साक्ष द्यायला लावत होतं कुणीतरी. बाकी सगळ्या थानांतल्या गाठी निघाल्या आणि ह्याच कशा राहिल्या? गाठी काढणाऱ्या बायका यात सामील होत्या का? की कर्नलनंच हे थान तळाशी ठेवलं होतं, या पोरीला किती कळतं ते बघायला?

एवढ्यात मागं पावलं वाजली. नाविया आत आली, चहा घेऊन. कप ठेवताना तिचा उजवा हात टेबलावरच्या थानावर पडला, आणि अंगठा आपोआप कापडाच्या उलट्या बाजूला गेला. सरकला. थांबला.

शलाकानं ते बघितलं. असा अंगठा शाळेत शिकवत नाहीत. ही बाई कधीकाळी मागावर उभी राहिलेली होती.

कोपऱ्यात कॅमेरा होता. नाविया त्याच्याकडं पाठ करून, हसऱ्या आवाजात म्हणाली, “चहात साखर कमी आहे का, मॅडम?” आणि मग अगदी हळू, ओठ न हलवता, “ही गाठ उलट्या पिळाची आहे. डाव्या हाताची. शेडमध्ये डावखुरी एकच आहे. पंधरा नंबरचा माग.”

“तुम्ही मला हे का सांगताय?”

“साखर आणते,” नाविया मोठ्यानं म्हणाली, आणि गेली.

आता तू म्हणशील, गाठ बघून माणूस ओळखतात काय? अरे, इचलकरंजीत विचार कुठल्याही जॉबरला. लांबून अक्षर ओळखावं तशी गाठ ओळखतात ते.

संध्याकाळच्या आधी तिनं हेन्रिकला बागेत फिरायला नेलं. कारंज्याजवळ, पाण्याचा आवाज होता म्हणून. सगळं सांगितलं. तो बाकावर बसून गुडघा चोळायला लागला.

“पुरावा पक्का आहे,” तो म्हणाला. “एवढ्यावर एकेचाळीस देश कापड थांबवतील. लष्कराला बराकी उघडाव्या लागतील. अकरा हजार मुली आहेत तिथं, शलाका.”

“आणि अर्धा तुकडा कर्नलला मिळेल. गाठींसकट.”

“त्याला थोडीच कळणार आहे गाठ कुणाची.”

“त्याच्या दुभाषीला कळली. दोन सेकंदांत.”

“फक्त आलेख पाठवूया का? तुकडा न देता?”

“मग ते म्हणतील बनावट आहे, आणि करारानं तेच खरं ठरेल.”

हेन्रिकनं तिच्याकडं बघितलं. “ती दुभाषी तुला वाचवतेय, की तुझ्याकडून कबुली काढतेय?”

“तेच तर कळत नाही ना!”

“मी प्रमुख आहे, पण सही तपासनिसाची लागते,” तो म्हणाला. “मी तुला हिरव्यावर कर म्हणणार नाही, आणि आरोपाच्या लालवर कर असंही म्हणणार नाही. माझ्यात तेवढी हिंमत नाही, खरं सांगतो.”

शुक्रवारचं विमान दुपारचं. सकाळी निरोपाची शेडभेट होती, फोटोबिटो काढायला. शलाकानं ठरवलं, त्या बाईलाच विचारायचं. पण कसं? सरळ पंधरा नंबरवर गेली तर बोट दाखवल्यासारखंच झालं. म्हणून ती कर्नलला हसत म्हणाली, “माझे वडील मागावरचे मिस्त्री. तुमच्या मुलींचे हात किती चपळ आहेत ते बघू दे की मला!” नावियानं भाषांतर केलं. कर्नल खूश. “बघा, बघा!”

पहिल्या मागावर तिनं स्वतः एक तार तोडली. मुलीनं बोटं ओली केली, गाठ मारली, चार सेकंद. शलाकानं टाळी वाजवली. दुसरा माग. तिसरा. सगळ्या मुली पांढऱ्या फटक, डोळ्यांखाली काळं, आणि सगळ्या उजव्या. मागांचा खडखडाट एवढा की शेजारच्याचं ऐकू येत नाही. अशा शेडमधली माणसं तोंडानं बोलतच नाहीत. हातानं, भुवयांनी बोलतात. शलाका लहानपणापासून ती बोली बोलत आली होती. इथली खूण तिथं कळेल का, एवढीच भीती.

पंधरावा माग. बाई जेमतेम बावीसची असेल. शलाकानं तार तोडली. बाईनं डाव्या हाताची बोटं जिभेला लावली.

शलाका वाकली, कर्नलकडं पाठ. हातानं कापडाचा तुकडा धरल्यासारखं केलं. कात्रीनं मधोमध कापल्यासारखं. एक अर्धा आपल्या छातीशी. दुसरा अर्धा, डोळ्यांनीच, मागं, टोपीवाल्याकडं. मग बोट त्या बाईकडं, आणि भुवया वर. तुला कळतंय ना काय होईल? चालेल?

बाईनं तिच्याकडं बघितलं. मग तिनं आपल्या हातानं एक तार तोडली आणि जोडली. अजून एक तोडली, जोडली. तिसरी. सावकाश, दिसेल अशी.

म्हणजे हो? की पाहुणीला अजून गाठी बघायच्यात असं समजून नुसती दाखवत होती? आणि त्याच क्षणी शलाकाच्या लक्षात आलं, आजूबाजूच्या मागांवरच्या सगळ्या मुली आपलं काम सोडून या पंधरा नंबरकडं बघत होत्या. सगळ्यांना माहीत होतं! अकरा हजारांसाठी एक, हे हिनं स्वतः ठरवलं होतं, की बाकीच्यांनी मिळून हिला ठरवून दिलं होतं? तूच डावखुरी, तुझीच गाठ दिसेल, तूच मार. नाही म्हणायची सोय होती का तिला?

“चपळ आहे ना?” कर्नल कानाशी ओरडला.

“सगळ्याच चपळ आहेत,” शलाका ओरडली, आणि सोळाव्या मागावर गेली, सतराव्या, अठराव्या. पुढच्या सगळ्या मागांवर टाळ्या वाजवल्या. हात दुखेपर्यंत.

विमानतळावर हेन्रिकनं दोन्ही फॉर्म तिच्यासमोर ठेवले. काचेच्या पलीकडं नाविया उभी होती, बटणं गळ्यापर्यंत, चेहरा तसाच बंद. शलाकाला वाटलं, एक मान तरी हलव बाई. हो म्हण, नाही म्हण. नाविया घड्याळाकडं बघत होती.

शलाकानं लालवर सही केली. थानाचे दोन तुकडे झाले, शिक्के बसले, अर्धा कर्नलच्या माणसानं पिशवीत घातला आणि पोच दिली. नियमाप्रमाणं.

पुढचं तू बातम्यांत ऐकल्यासारखंच समज. तीन आठवड्यांत एकेचाळीस देशांच्या बंदरांवर कोरवानचं कापड अडकलं. लष्करानं आधी आरडाओरडा केला, मग समिती नेमली, मग नवव्या आठवड्यात बराकी उघडल्या. बसगाड्या भरभरून मुली घरी गेल्या. निरीक्षक प्रत्येक बसच्या दारात उभे. दहा हजार नऊशे अठ्ठ्याऐंशी मुली. इचलकरंजीत शलाकाचा सत्कार झाला, शाल दिली, नारळ दिला. आण्णा पहिल्या रांगेत, नवा शर्ट घालून. घरी आल्यावर शर्ट काढता काढता त्यांनी विचारलं, “त्या पोरीचं काय झालं गं?”

शलाकानं तेव्हापासून सगळ्या याद्या मागवल्यात. सुटलेल्यांची यादी, आजारी होत्या त्यांची यादी, ‘नोंद सापडत नाही’ अशा बारा जणींची यादी. नावियाला पाच पत्रं पाठवली, पाचही परत आली. कधी वाटतं, पोचली असेल घरी, शेतात असेल, आईशी भांडत असेल. कधी वाटतं, त्या बारांतली एक. ती शोधणार कशी, सांग ना! पंधरा नंबरवरच्या बाईचं नाव तिला ठाऊक नाही. याद्यांमध्ये नाव असतं, गाव असतं, वय असतं. कोण कुठल्या हातानं काम करतं, हे जगातल्या कुठल्याच यादीत लिहिलेलं नसतं.

हां, आता बोल. काचेपलीकडं ती नाविया, समोर दोन फॉर्म, विमानाची शेवटची हाक चाललीय. शलाकाच्या जागी तुला उभं केलं असतं, तर तू काय केलं असतंस?